कागद पाहिजे, पण सही कुणाची?

१० डिसेंबर २०१३ ला जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये मंडेलांची शोकसभा झाली. ओबामा बोलत होते, शेजारी खुणांच्या भाषेचा दुभाषी हात हलवत होता. हात भरपूर, अर्थ शून्य. ऐकणाऱ्यांना पत्ता नाही. बहिऱ्यांनी लगेच ओळखलं.

म्हणून मी म्हणतो, सर्टिफिकेट पाहिजेच. बोलू न शकणारी बाई अत्याचाराची साक्ष द्यायला उभी राहिली तर कोर्टानं दुभाषी नाहीतर विशेष शिक्षक घेतलाच पाहिजे, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२५ सांगतं. तिथं दुभाष्याची एक खूण चुकली तर नराधम सुटतो. ‘थोडंफार येतं’ म्हणणारा तिथं काय कामाचा?

पण कागद म्हणजे भाषा नव्हे. बहिऱ्या आईबापाचं पोर बोलायच्या आधी खुणा शिकतं. त्याचे हात तपासा, मार्कशीट कशाला? आणि तपासणार कोण? १८८० साली मिलानच्या परिषदेत ऐकणाऱ्या मास्तरांनीच बहिऱ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा हाकलायचा ठराव केला. ज्यांची भाषा त्यांनाच विचारलं नाही! हा खेळ आपल्या चांगला ओळखीचा आहे.

तेव्हा परीक्षकाच्या खुर्चीत बहिरी माणसं बसवा. त्यांनी नापास केलेल्याला कुणीही पास करू नये.