खर्जाचा मानकरी

वाद्यवृंदात श्रोत्यांची दृष्टी प्रथम गायकाकडे जाते. बीटल्सच्या छायाचित्रांत मात्र आमची दृष्टी खिळली ती पॉल मॅकार्टनी यांच्या हातातील व्हायोलिनच्या आकाराच्या बेस गिटारवर. त्या दिवसापासून चांगल्या बेस गिटारींचे जे वेड लागले ते आजतागायत सुटलेले नाही. ‘कलावंतावर प्रेम करावे, लाकडावर कसले?’ असे आमचे काही स्नेही विचारतात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

१९६१ साली हॅम्बुर्ग येथे स्टुअर्ट सटक्लिफ यांनी चित्रकलेसाठी वाद्यवृंद सोडला आणि खर्जाचे काम मॅकार्टनींकडे आले. फेंडर परवडणारी नव्हती. होफ्नरची ५००/१ सुमारे तीस पौंडांत मिळाली. ते डावखुरे, पण या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून उलटे धरले तरी विद्रूप दिसत नसे. अंग पोकळ, वजन हलके, पुढची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची. हे कळल्यावरच त्यातला गोल, उबदार सूर आम्हांला नीट ऐकू येऊ लागला. वाद्यावरील प्रेम असे कान तयार करते.

मॅकार्टनी ज्यांचे चाहते, ते डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा पाया त्यांनी १९६२च्या फेंडर प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने रचला. तारा तुटल्याखेरीज ते बदलत नसत. तरीही मार्विन गे यांच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पूर्वी मोटाउनच्या तबकड्यांवर त्यांचे नाव छापले जात नसे. (आपल्याकडे भीमगीतांच्या कार्यक्रमपत्रिकेवर ढोलकीवादकाचे नाव कितीदा असते?) गिटारीच्या प्रेमातूनच आम्ही या माणसाच्या नावापर्यंत पोहोचलो.

लाखोंची बेस गिटार घेऊन काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांचे आम्हांला कौतुक नाही. देणग्यांवर चालणाऱ्या आपल्या शाळेने तसली चैन करावी, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु संगीताच्या खोलीत पेटी-ढोलकीशेजारी एक साधी बेस गिटार असावी, आणि ती मुलांच्या हाती द्यावी. मोडेल, या भीतीने कुलूपबंद ठेवू नये.

मॅकार्टनींची ती होफ्नर १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीस गेली. पन्नासहून अधिक वर्षांनी ती त्यांना परत मिळाल्याची वार्ता २०२४च्या फेब्रुवारीत आली. इतकी वर्षे ती न वाजता राहिली, याचेच आम्हांला अधिक वाईट वाटले.