बियाणे तेच, बांध फुटलेला

वसईच्या खाडीकाठी खाजणातली भातशेती टिकते ती बांधाच्या जोरावर. अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते. बियाणे तेच, पण पीक गेले. काही कर्करोगांत नेमके हेच घडते, आणि आपली जनुकचाचणी मात्र बहुतेक वेळा बियाणेच तपासत बसते. पेशीच्या इवल्याशा केंद्रकात सुमारे २ मीटर डीएनए घड्या घालून बसवलेला असतो. घड्यांमुळे त्याची आवारे पडतात आणि सीटीसीएफ नावाचे प्रथिन त्यांच्या सीमा राखते, म्हणजे एका आवारातले जनुक चालू करणारे बटण शेजारच्या जनुकाला सहसा लागत नाही. ग्लायोमा या मेंदूच्या गाठींत आयडीएच जनुक बिघडले की डीएनएवर मिथाइलची पुटे चढतात, सीटीसीएफला बसायला जागा उरत नाही आणि पलीकडचे बटण पेशीवाढीच्या पीडीजीएफआरए जनुकाला जाऊन भिडते. हे २०१६ साली संशोधकांना दिसले. त्या जनुकाचे एक अक्षरही बदललेले नसताना!

घडी विस्कटणे हा रोगाचा परिणाम असेल, कारण कशावरून? त्याच संशोधकांनी आयडीएच शाबूत असलेल्या गाठीच्या पेशींत क्रिस्पर या जनुककात्रीने फक्त तेवढा बांध तोडला. पीडीजीएफआरए चढले, पेशी जोमाने वाढल्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २,६५८ कर्करोगांची २०२० साली छाननी झाली, तेव्हा सीमा पुसली गेलेल्या जागांपैकी जेमतेम १४ टक्के ठिकाणी शेजारच्या जनुकांचे काम दुपटीहून अधिक बदललेले आढळले. म्हणजे प्रत्येक खांड शेत बुडवत नाही. घडीतच सगळे गुपित आहे म्हणणाऱ्यांनी हा आकडा गिळावा. पण बुडवणारी खांड कोणती, हे बांधावर गेल्याशिवाय कसे कळणार?

‘आधी तंबाखू सोडवा, घड्यांचे काय घेऊन बसलात,’ हेही ऐकू येते. तंबाखू सोडवायलाच हवी. पण आज विरारहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याला तेवढ्याने उपचार मिळत नाही. शिवाय हे ज्ञान आपल्याला परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी१ हे प्रथिन डीएनएची वेटोळी कशी बांधते, हे २००७ सालीच दाखवले होते. गाल-हिरड्यांच्या कर्करोगाची जनुकीय अक्षरे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेसह वाचून २०१३ साली प्रसिद्ध केली. सरकारने आता त्याच कर्करोगाच्या गाठींच्या घड्यांचे नकाशे काढायला पैसा द्यावा.