विश्लेषण : विमानातून पहिली उडी घेण्याआधी ‘विंड टनेल’मध्ये किती सराव करावा? तिथे काय शिकता येते, काय नाही?

जानेवारी २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातील बकलोह येथील स्पेशल फोर्सेस ट्रेनिंग स्कूलमध्ये भारतीय लष्कराच्या पहिल्या व्हर्टिकल विंड टनेलचे उद्घाटन झाले. उंचावरून उडी घेऊन शत्रूच्या प्रदेशात उतरणाऱ्या कमांडोंना तिथे विमानाशिवाय सराव करता येतो. सामान्य नागरिकांसाठी असा टनेल त्याआधीच हैदराबादजवळ सुरू झाला असून, काचेच्या नळीत तरंगणाऱ्या पर्यटकांचे रील्स समाजमाध्यमांवर सतत दिसत असतात. बहुतेकांसाठी ती दोन मिनिटांची मौज असते. पण स्कायडायव्हिंगचा परवाना मिळवायचा विचार असलेल्यांसाठी हा सरावाचा आणि बऱ्यापैकी खर्चाचा विषय आहे. त्यामुळे तिथे नेमके काय विकत मिळते, हे आधी समजून घेतलेले बरे.

विंड टनेल काम कसे करते?

विमानातून उडी घेतलेला माणूस सुरुवातीला वेग घेत जातो. साधारण दहा सेकंदांनंतर हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांचा तोल साधतो आणि वेग वाढायचा थांबतो. पोटावर आडवे पडून खाली येणाऱ्या माणसाचा हा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो. टनेलमध्ये गणित उलटे केले जाते. माणूस जागेवर आणि हवा त्याच वेगाने खालून वर. मोठे पंखे बहुधा वरच्या भागात असतात आणि ते हवा खेचून घेतात. उडण्याची खोली हा या मार्गाचा अरुंद भाग असल्याने तिथे हवेचा वेग सर्वाधिक होतो. पायाखाली जाळी असते, भोवती काच किंवा गुळगुळीत भिंत. बाहेर बसलेला चालक उडणाऱ्याच्या वजनानुसार आणि कौशल्यानुसार वेग कमी-जास्त करतो. पॅराशूट नसते. हेल्मेट, गॉगल, कानात बोळे आणि अंगभर सूट एवढाच सरंजाम.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत ओहायोतील राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या टनेलमध्ये १९६४ मध्ये जॅक टिफनी हे पॅराशूटपटू उडाले होते. पुढे कॅनडाचे जाँ सेंट-जर्मेन यांनी १९७९ च्या सुमारास लोकांसाठी टनेल उभारला आणि १९८२ मध्ये लास वेगासमध्ये तसाच टनेल सुरू झाला. आता तर हा स्वतंत्र खेळ झाला आहे. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१५ मध्ये प्रागमध्ये झाली. आजचे काही उत्तम इनडोअर खेळाडू तर विमानातून फारशी उडीही न घेतलेले असतात.

नवख्याला त्याचा उपयोग किती?

हे समजायला एक साधा हिशेब पुरतो. एकट्याने उडी मारायला शिकण्याची आज सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे ‘ॲक्सलरेटेड फ्री फॉल’, अर्थात एएफएफ. पहिल्याच उडीपासून विद्यार्थी स्वतःचे पॅराशूट घेऊन उडी मारतो, दोन प्रशिक्षक त्याला दोन बाजूंनी धरून असतात आणि सात-आठ टप्प्यांत तो एकटा होतो. विमान साधारण १३ हजार फुटांवर नेते, विद्यार्थ्याने सुमारे ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचे असते. म्हणजे दर उडीत हवेत मोकळे पडण्याचा वेळ मिळतो ४५ ते ५० सेकंद. सात उड्या धरल्या तरी अख्ख्या अभ्यासक्रमात जेमतेम पाच-सहा मिनिटे!

या पाच-सहा मिनिटांत शरीर स्थिर ठेवणे, दिशा धरून राहणे, ९० अंशांत आणि मग पूर्ण गोल वळणे, गिरकी खाऊन पुन्हा स्थिर होणे, असे सगळे दाखवायचे असते. त्यातही पहिल्या उडीतले बरेच सेकंद धक्का पचवण्यातच जातात. टप्पा जमला नाही तर तो पुन्हा करावा लागतो, आणि त्या उडीचे पैसे पुन्हा भरावे लागतात. टनेलमधली दहा मिनिटे म्हणजे अशा बारा उड्यांइतका वेळ. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या आधी थोडा टनेल करून येण्याचा सल्ला अनेक प्रशिक्षक देतात.

आकाशात जे कळत नाही, ते भिंत सांगते

घाबरलेला माणूस पाय पोटाशी घेतो. हे अगदी स्वाभाविक आहे, पण हवेत त्याचा परिणाम विचित्र होतो. दुमडलेल्या पायांवर हवेचा दाब कमी पडतो, शरीराचा मागचा भाग खाली झुकतो, डोके वर राहते आणि माणूस मागे घसरू लागतो. आकाशात आजूबाजूला काहीच नसल्याने त्याला हे कळतही नाही. प्रशिक्षकाला मात्र त्याचा पाठलाग करावा लागतो. टनेलमध्ये तीन सेकंदांत पाय भिंतीला लागतात. तिथे ‘मी तर बरोबरच केले होते’ म्हणायची सोय नाही.

तसेच वळण्याचे. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली गेला, एक कोपर जास्त वाकला, की शरीर आपोआप फिरू लागते. टनेलमध्ये समोरचा दरवाजा सरकू लागला की चूक लगेच लक्षात येते आणि पुढच्या क्षणी ती सुधारून पाहता येते. आकाशात हीच चूक वाढत गेली तर भोवरा होतो. अशा फिरण्यात पॅराशूट उघडणे धोक्याचे असते, दोऱ्यांना पीळ बसू शकतो.

आणखी एक फायदा फारसा चर्चेत नसतो, तो हाताच्या खुणांचा. पंख्यांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे प्रशिक्षक बोटांनी सूचना देतो. दोन बोटे सरळ म्हणजे पाय लांब कर, तीच वाकवली तर पाय दुमड, एक बोट वर म्हणजे हनुवटी उचल, अंगठा आणि करंगळी काढून हात हलवला की अंग सैल सोड. आकाशातही साधारण याच खुणा वापरतात. त्या आधीच अंगवळणी पडल्या असतील तर खऱ्या उडीत त्यांचा अर्थ आठवण्यात सेकंद जात नाहीत. नवख्याला यातली शेवटची खूण सर्वाधिक वेळा दाखवली जाते, हे वेगळे सांगायला नको.

मग टनेल काय शिकवत नाही?

जीव वाचवणाऱ्या बहुतेक गोष्टी. टनेलच्या जाहिरातींत हे सहसा ठळक अक्षरांत लिहिलेले नसते.

पहिली गोष्ट उंचीची. मोकळे पडताना दर साडेपाच सेकंदांना सुमारे एक हजार फूट उंची कमी होते. वळण जमत नाही म्हणून विद्यार्थी दहा सेकंद त्यातच अडकला, तर जवळपास १,८०० फूट गेलेले असतात. टनेलमध्ये तोच माणूस दोन मिनिटे तेच वळण घोटत बसू शकतो आणि काहीही बिघडत नाही. हीच सवय आकाशात घेऊन जाणे धोक्याचे. टनेलमध्ये भरपूर वेळ घालवलेले काही विद्यार्थी छान उडतात, पण मनगटावरच्या अल्टिमीटरकडे पाहायला विसरतात, कारण टनेलने त्यांना कधी घाई शिकवलेलीच नसते.

दुसरे, विमानातून बाहेर पडणे. उडी मारल्यावर पहिले काही सेकंद हवा खालून नाही, तर विमानाच्या पुढच्या दिशेने येते. ती हळूहळू खालून लागू लागते. तो अनुभव टनेलमध्ये नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : पॅराशूट. ते उघडणे, ते नीट उघडले आहे का तपासणे, नसेल तर सोडून राखीव पॅराशूट काढणे, वारा पाहून दिशा धरणे, जमिनीवर उतरणे, यातले काहीच टनेलमध्ये होत नाही. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ मध्ये तिथे ३८ लाखांहून अधिक उड्या झाल्या आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. प्रमाण अत्यल्प आहे. पण वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अनेक मृत्यू व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना घेतलेल्या चुकीच्या वळणाने होतात. टनेलचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

थोडक्यात टनेल पोहायला शिकवतो, समुद्राची ओळख करून देत नाही.

नियोजन कसे करावे?

पर्यटकांच्या पॅकेजमध्ये साधारण एकेका मिनिटाच्या दोन फेऱ्या असतात. त्यात मजा येते, फोटो मिळतात, पण शिकणे होत नाही. शिकणाऱ्याने बुकिंग करतानाच ‘एएफएफ करायचे आहे’ असे सांगून, त्या अभ्यासक्रमाची माहिती असलेला प्रशिक्षक मागावा. हे न सांगितल्यास तिथला माणूस चांगल्या हेतूने उंच नेऊन गरगर फिरवतो आणि पाच मिनिटे संपतात.

पहिल्या उडीआधी दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी असतात. ती सलग मात्र घेऊ नयेत. नवखा माणूस अंग ताठ धरतो, त्यामुळे दीड-दोन मिनिटांतच खांदे, मान आणि कंबर भरून येते आणि पुढचा वेळ नुसता खर्ची पडतो. म्हणून दीड-दोन मिनिटांच्या फेऱ्या आणि मध्ये तेवढीच विश्रांती असावी. दोघांनी मिळून अर्धा तास घेतला तर हे आपोआप जमते : एक आत, दुसरा बाहेर, प्रत्येकी पंधरा मिनिटे. शक्य असेल तर ही मिनिटे दोन दिवसांत विभागावीत. रात्रीची झोप मध्ये आली की आदल्या दिवशी न जमलेली गोष्ट सकाळी सहज होते, असा बऱ्याच जणांचा अनुभव असतो.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत एकच काम : कंबर पुढे, हनुवटी वर, अंग सैल आणि पाय कुठे आहेत याचे भान. ते आले की एका जागी दिशा धरून राहणे, मग ९० अंशांचे वळण आणि ते वेळेत थांबवणे. वळण सुरू करणे सोपे असते, थांबवणे अवघड. शेवटी पुढे-मागे सरकणे. उलटे उडणे, डोक्यावर उडणे, हे पाहायला कितीही आकर्षक असले तरी या टप्प्यावर त्याला हात लावू नये. हवेचा वेग वाढवून वर जाण्याचा खास अनुभव जादा पैसे घेऊन दिला जातो, तोही टाळावा. तेवढ्या पैशात आणखी एक फेरी होते.

उंचीचे भान टनेल देत नाही, हे खरे. पण त्यावर थोडा उपाय आहे. मनगटावर अल्टिमीटर बांधून आत जावे आणि दर फेरीत ठरावीक क्रम करावा : समोर पाहणे, अल्टिमीटर पाहणे, उजवा हात मागे नेऊन पॅराशूटची मूठ असते त्या जागी स्पर्श करणे. उजवा हात मागे जाताना डावा हात डोक्यापुढे आला नाही तर शरीर लगेच कलंडते, हेही तिथे कळते. प्रत्येक फेरीचा व्हिडिओ घेऊन विश्रांतीत पाहावा. आपले पाय सरळ आहेत असे वाटणे आणि ते प्रत्यक्षात सरळ असणे, यातले अंतर व्हिडिओ पाहिल्याशिवाय पटत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर टनेलकडे पुन्हा जाणे अधिक फायद्याचे ठरते. अमेरिकी संघटनेच्या पहिल्या, म्हणजे ‘ए’ परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. एएफएफनंतरच्या या उड्यांमध्ये दुसऱ्या माणसाच्या पातळीवर राहण्यासाठी पडण्याचा वेग कमी-जास्त करणे आणि त्याच्यापर्यंत हळूच सरकणे शिकावे लागते. तेव्हा स्वतःच्या चुका माहीत झालेल्या असतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत बरेच काही हाती लागते. सुरुवातीलाच तासाभराचे पॅकेज स्वस्त पडते म्हणून घेण्यापेक्षा मिनिटे अशी पुढे-मागे वाटणे शहाणपणाचे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी मार्ग कोणता?

हरियाणात नारनौलजवळच्या धावपट्टीवर नागरिकांसाठी उड्या होतात, पण एएफएफसाठी अनेक भारतीय आजही थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिका गाठतात. तिथे जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. स्पेनमधील एम्पुरियाब्रावा, कॅलिफोर्नियातील पेरिस व्हॅली, ॲरिझोनातील इलॉय येथे टनेल आणि उडीचे मैदान जवळजवळ आहेत. वारा किंवा ढगांमुळे विमाने थांबली तर तो दिवस टनेलमध्ये वापरता येतो. दुबईतही दोन्ही सोयी आहेत आणि अबू धाबीत यास बेटावर तर ३२ फूट रुंदीचा प्रचंड टनेल आहे. आखातात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना हे सर्वांत सोयीचे. महाराष्ट्रातून हैदराबाद जवळ आहे आणि पावसाळ्यात, जेव्हा उड्या बंद असतात, तेव्हा सरावाला हाच पर्याय उरतो.

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २००४ मध्ये आयुष्यातील पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, तेव्हा भारतात असा टनेल नव्हता. अर्थात, अपवादावरून नियोजन करू नये.

बुकिंगपूर्वी आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रशिक्षकाचे शुल्क टनेलच्या मिनिटांत धरलेले आहे की वेगळे, आणि वजनाची मर्यादा किती. खांदा पूर्वी निखळला असेल तर ते लपवू नये. हवेच्या दाबात हात बाजूला पसरलेला असताना तो पुन्हा निखळण्याचा धोका असतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. टनेलमध्ये असे झाले तर वारा बंद करून माणसाला बाहेर काढता येते. आकाशात त्याच हाताने मूठ ओढायची असते.