देवक आमचे, 'जडप्राणवाद' त्यांचा?

जपानमधील प्राचीन वृक्षाच्या बुंध्याला बांधलेला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर पाहून आलेला आपल्यातील सुशिक्षित 'केवढी ही निसर्गनिष्ठ संस्कृती!' असे गौरवाने सांगतो. तोच गृहस्थ झाबुआ-अलीराजपूरच्या वाटेवर झाडाखाली बाबादेवाला वाहिलेले मातीचे घोडे दिसताच 'अडाण्यांची अंधश्रद्धा' म्हणून मान फिरवतो. हा दुटप्पीपणा आम्हांस मान्य नाही.

वृक्ष-पाषाणांत चैतन्य मानणे म्हणजे जडप्राणवाद. टायलर ह्या इंग्रज पंडिताने १८७१ साली ती धर्माची सर्वांत खालची पायरी ठरविली आणि १९०१ ते १९२१ च्या जनगणनांत आदिवासींवर तोच शिक्का बसला. शिंतो धर्मातील 'कामी' ही दैवतेही वृक्षांत, शिळांत, धबधब्यांत, डोंगरांत वास करतात. दोन्हींचे मूळ एक, असा आमचा दावा नाही. परंतु एकाच भावनेला जपानात संस्कृती आणि भिल्लाच्या पाड्यावर मागासलेपण कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

आपले तरी काय निराळे आहे? होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी दक्षिणेतून कुलाचार आणले, त्यांत कोणाचे पंचपल्लवाचे, कोणाचे कळंबाचे देवक आहे. त्याच्या प्रतिष्ठेवाचून कित्येक घरांत आजही लग्न लागत नाही. शेंदराचा तांदळा, दसऱ्याची शमी, तुळशीचे लग्न हे सारे त्याच जातीचे. 'आमच्यामागे वेदान्त आहे' असे कोणी म्हणेल. असेल, पण देवकाची डहाळी बांधणाऱ्या आजीने वेदान्ताची परवानगी घेतली नव्हती.

जपानही निर्दोष नाही. १९०६ नंतर तेथील शासनाने लहान देवस्थाने एकत्र करण्याचा सपाटा लावला; सुमारे ७० हजार देवस्थाने गेली, त्यांच्यासवे अनेक राया तुटल्या. मिनाकाता कुमागुसू ह्या निसर्गशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध लेखणी झिजविली, १९१० मध्ये अटकही सोसली. देवस्थान हलविले की रान जाते आणि रानासवे गावाची स्मृती जाते, हे त्याने ओळखले होते.

आम्ही मात्र ओळखले नाही. शासकीय सेवेत असताना ज्या जागेत गावकरी कुऱ्हाड नेत नसत, तिच्यापुढे आम्ही 'पडीक' असा शेरा निःशंकपणे लिहिला आहे. तो शेरा चुकीचा होता. आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपण इंदुरात तेच करीत आहोत. पिंपळाभोवती बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो, वर चकचकीत फरशी बसवितो; मुळांना पाणी-हवा मिळेनाशी होते, आणि त्या वाळत्या झाडाला आपण श्रद्धेने सूत गुंडाळतो!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या मंडळींच्या हाती जी देवस्थाने आहेत, तेथील पारांवरील फरशी आधी उखडावी आणि माती मोकळी करावी. एवढे होत नसेल, तर भिल्लांच्या बाबादेवाविषयी बोलण्याचा अधिकार आपण सोडावा.