पत्ता म्हणजे माणूस नव्हे

माणसाची पारख पत्त्यावरून करू नये, हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे. २०२३ साली आमचं औरंगाबाद अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. पत्ता बदलला, उधारी मागायला येणारे मात्र तेच राहिले, आणि त्यांना घर अजून अचूक सापडतं.

पण हे संगणकवाल्यांना कोण सांगणार? आमचा भाचा वेबसाइटी बांधतो. साइट बिघडली की आत डोकावायला या मंडळींची खास हत्यारं असतात. कुठल्या ओळीत काय चुकलं, माहिती कुठल्या कपाटात आहे, सगळा कच्चा हिशेब ती पडद्यावर मांडतात. कधी कधी कपाटाची किल्लीसुद्धा. काहींत तर हुकूम टाइप केला की सर्व्हर निमूट तामील करतो. घरच्या संगणकावर हे ठीक. भाचा ती चालू साइटवरही ठेवतो.

"अहो मामा, आमच्या ऑफिसच्या आयपी पत्त्यावरूनच उघडतात ती!"

म्हणजे पहारेकरी चेहरा बघत नाही, फक्त 'कुठून आलात?' एवढंच विचारतो.

आता या पत्त्यांची कथा ऐका. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. माणसं ८०० कोटींवर. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यावर नांदवतात, चाळीतल्या सामाईक नळासारखं. घरच्या जोडणीचा पत्ता राउटर बंद-चालू केला तरी बदलू शकतो. त्याहून गंमत म्हणजे, पुढं एखादा मध्यस्थ सर्व्हर बसवला की आतल्याला प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून, म्हणजे घरातूनच आलेला दिसू शकतो. मग चोरालाही 'या, हातपाय धुवा!' मूळ पत्ता मध्यस्थाच्या चिठ्ठीत वाचावा म्हटलं, तर बंदोबस्त ढिला असल्यास ती चिठ्ठी पाहुणा स्वतःच लिहून आणतो.

ही नुसती कल्पना नव्हे. २०१५ साली पॅट्रिऑन या अमेरिकन कंपनीच्या साइटची तपासणीसाठी ठेवलेली प्रत जगाला उघडी राहिली. चोर तिथूनच आत शिरले आणि ग्राहकांची माहिती चव्हाट्यावर आली.

मग पत्त्यांची यादी नकोच का? हवी की! पण दौलताबादचा किल्ला आठवा. खंदक आहे, तटामागं तट आहेत, वर अंधारी आहे. नुसत्या खंदकावर भिस्त ठेवून तिथं कुणी झोपलं नव्हतं. चालू साइटवरून ही हत्यारं काढूनच टाकावीत. जे दार गिऱ्हाइकासाठी नाही, ते रस्त्याकडे काढूच नये. अगदीच नड पडली, तर यादी, शिवाय पासवर्ड, शिवाय काम झाल्याबरोबर कुलूप.

"काम वाढेल, मामा," भाचा कुरकुरतो.

वाढू दे. त्या कपाटात त्याचं काहीच नाही. तुमचा-माझा आधार नंबर आहे, बँकेचा खाते क्रमांक आहे आणि माझ्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आहे. तो मी अजून बायकोलाही दाखवलेला नाही.