एआयने नोटीस लिहून दिली, पण सही तुमची आहे! लॉ कॉलेजच्या ड्राफ्टिंग पेपरचं आता काय करायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात आयकर खात्याचा एक करनिर्धारणा आदेश रद्द केला. त्या आदेशात ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता, ते निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्राने दिलेल्या उत्तरावर डोळे झाकून विसंबू नका, तपासून घ्या, असं न्यायालयाने बजावलं. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल कोर्टात सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता.

या बातम्या वाचून आपण म्हणतो, मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांच्या भानगडी. पण मला यात जळगाव-धुळ्याच्या लॉ कॉलेजांतला विद्यार्थी दिसतो. मोबाईल त्याच्याही हातात आहे. आज सबमिशनची फाईल एआयकडून लिहून घेणारा हात दोन-तीन वर्षांनी वकीलपत्रावर सही करणार आहे.

पेपर आहे, पण शिकवतो काय?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार 'ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग' हा पेपर सक्तीचा आहे. दावे-अर्जांचे १५ मसुदे, त्याला ४५ गुण. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र अशा दस्तांचे १५ मसुदे, त्याला ४५ गुण. उरलेले १० गुण तोंडी परीक्षेचे. जळगावच्या मणियार लॉ कॉलेजात असो की मुंबईच्या एखाद्या कॉलेजात, सांगाडा हाच.

रचना चांगली आहे. पण हे ३० मसुदे सिनियरच्या फाईलवरून उतरवून काढायची पद्धत राज्यभर जुनीच आहे. म्हणजे एआयने कॉपी शिकवली असं म्हणता येणार नाही. फरक इतकाच की उतरवलेली फाईल उतरवलेली दिसायची. एआयची फाईल मात्र नीटनेटकी, फर्ड्या इंग्रजीत असते आणि तपासणाऱ्यालाही वाटतं, पोराला येतंय की!

एआय खोटे निकाल का रचतं?

चॅटजीपीटीसारखं मॉडेल आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत वाक्य तयार करतं. निकालाचा संदर्भ ठराविक साच्यात असतो : पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान. हा साचा मॉडेलला पाठ असतो. त्यामुळे खरा संदर्भ सापडला नाही तरी साच्यात बसणारा संदर्भ ते बनवून देतं. इंटरनेटवर शोधून उत्तर देणाऱ्या टूल्समध्ये हे प्रमाण कमी होतं, पण निकाल खरा आणि त्यातला मुद्दा भलताच, ही चूक तिथेही होऊ शकते.

दुसरी अडचण कलमांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाले. मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं, त्यात दीडशे वर्षांचं जुनं आयपीसी भरलेलं आहे. फसवणुकीचं कलम विचारलं तर सवयीने ४२० येऊ शकतं. आताचं कलम आहे ३१८(४). आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर? तिथे जुनंच कलम लागतं. म्हणजे आधी तारीख विचारायला हवी.

एक आकडा चुकला की केस गेली

सप्टेंबर २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा कावेरी प्लास्टिक्स प्रकरणातला निकाल प्रत्येक ड्राफ्टिंगच्या वर्गात वाचला पाहिजे. चेक होता १ कोटीचा, नोटिशीत मागणी लिहिली २ कोटींची. टायपिंगची चूक आहे, हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. कलम १३८ च्या नोटिशीत चेकचीच रक्कम हवी, नाहीतर नोटीस अवैध.

याच नोटिशीला मुदतीही आहेत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. एआय नोटीस दोन मिनिटांत लिहून देईल. बँकेचा मेमो अशिलाच्या हातात नेमका कोणत्या दिवशी पडला, हे त्याला कसं कळणार? ते अशिलाला विचारावंच लागतं.

रावेरच्या केळीचं उदाहरण घेऊ

समजा रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक येतो. म्हणतो, थंडीने बाग गेली, विम्याचे पैसे आले नाहीत, शेजाऱ्याला मात्र मिळाले. एआयला एवढंच सांगितलं तर ग्राहक आयोगाची सहा पानी तक्रार तयार!

पण हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून. मग प्रश्न येतात. वावर कोणत्या मंडळात येतं? शेजाऱ्याचं त्याच मंडळात आहे का? तापमान ठरलेल्या मर्यादेखाली किती दिवस होतं? हप्ता कधी कापला गेला? बँकेने गट नंबर बरोबर भरला का? चूक बँकेची असेल तर निव्वळ विमा कंपनीविरुद्ध तक्रार करून भागणार नाही. आणि कारण घडून दोन वर्षं उलटली असतील तर आधी विलंबमाफीचा अर्ज लागेल.

व्यावसायिक संवाद म्हणतात तो हाच. अशील बोलणार अहिराणीत किंवा लेवा बोलीत. खालच्या कोर्टाचं काम मराठीत. प्रकरण हायकोर्टात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गेलं की इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना हे इंग्रजी जड जातं, हे खरंच आहे. तिथे एआयची मदत जरूर घ्यावी, मी त्याच्या विरोधात नाही. पण अहिराणीतलं गाऱ्हाणं ऐकून त्यातून तारीखवार घटना काढणं हे वकिलाचंच काम. खान्देशातल्या विद्यार्थ्याचं बळही तिथेच आहे.

मग करायचं काय?

माझ्या मते नियम न बदलताही पुढच्या गोष्टी करता येतील.

१. प्रत्येक मसुद्याआधी एक पान : अशिलाला विचारलेले प्रश्न आणि तारखांचा तक्ता. गुण आधी त्याला.

२. एआय वापरलं तर उघड सांगायचं. आधी एआयचा मसुदा, मग लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या, दोन्ही जोडायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम २ सांगतो की प्लीडिंगमध्ये महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहा, पुरावा नको. एआयचा पसारा या एका नियमाने निम्मा कापता येतो.

३. प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी उघडून वाचायचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर मोफत आहेत, कायदे इंडिया कोडवर. २०२३ पासून निकालांना न्यूट्रल सायटेशन मिळतं, म्हणजे कोर्टानेच दिलेला क्रमांक. तो टाकून निकाल सापडला नाही, तर मसुद्यातून काढून टाका.

४. एक मसुदा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्राचा ठेवा. व्हॉट्सअॅप चॅट पुराव्यात द्यायचं तर हे लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो.

५. तोंडी परीक्षेचे १० गुण खरे वापरा. 'हा परिच्छेद इथे का?' एवढं विचारलं तरी उतरवलेली फाईल उघडी पडते.

आणि एक पथ्य. अशिलाचं नाव, गाव, गट नंबर, खाते क्रमांक मोफत चॅटबॉटमध्ये टाकू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलावर घातलं आहे. सरावासाठी 'अ' आणि 'ब' अशी नावं पुरेत.

दाव्याच्या शेवटी सत्यापन असतं, त्याखाली पक्षकार सही करतो. शेतकऱ्याला इंग्रजी वाचता येत नसेल तर तो वकिलावर भरवसा ठेवून सही करतो. वकिलाने तो मजकूर स्वतः वाचलेला नसेल, तर त्या सहीला अर्थ काय राहिला?