शिक्षण चालू? मग अपात्र

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचे आकडे आता कोणालाही तोंडपाठ आहेत. बारावी पास असाल तर महिन्याला ६,००० रुपये विद्यावेतन. आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००. पदवीधराला १०,०००. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयातले एक वाक्य मात्र फारसे कोणाच्या तोंडी नाही. ज्यांचे शिक्षण चालू आहे, ते पात्र नाहीत.

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडची एक मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय वीस. बारावीची गुणपत्रिका हातात आहे, म्हणजे सहा हजारांच्या रकान्यात ती चपखल बसते. तिच्याच वर्गातली मैत्रीण बारावीनंतर घरी बसली. त्या मैत्रिणीचा अर्ज चालतो, हिचा चालत नाही. हिचा दोष एवढाच की हिने कॉलेज सोडले नाही. पदवी अर्धवट सोडा, असे सरकार कुणालाही सांगत नाही. सोडणाऱ्यासाठी सहा हजार तेवढे ठेवले आहेत.

दिवसभराचे प्रशिक्षण आणि कॉलेजची हजेरी एकत्र कशी जमायची, असे अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण अर्धा दिवस काम आणि अर्धे विद्यावेतन, इतके साधे उत्तर कुणाला सुचू नये? नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम तर इंटर्नशिपला श्रेयांक देतो. एक खाते म्हणते, शिकता शिकता काम करा. दुसरे म्हणते, शिकून झाले की या. आणि हे त्या राज्यात, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’च्या पायावर अख्खे कॉलेज उभे केले.

याच जिल्ह्यात वरठीला पोलादाचा कारखाना आहे. गडेगावला ट्रकचा आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना या फाटकांतून आत जायचे तर हातात काहीतरी कागद हवा. तो या योजनेतल्या प्रशिक्षणाने मिळाला असता. सध्या त्या मुलांचा कागद एकच, दोन वर्षांपूर्वीची बारावी.

म्हणून काय ही मुले रिकामी बसतात? भंडाऱ्यात कॉलेजचे प्रवेश आणि धानाची रोवणी एकाच महिन्यात येतात. हिवाळी परीक्षेच्या तोंडावर कापणी असते. मे महिन्यात तेंदूपत्ता. लग्नसराईत वाढपी हवेच असतात. फी, एसटीचा पास, खोलीचे भाडे या कामांतूनच निघते. बांधीत उतरताना शिक्षण चालू आहे का, असे कोणी विचारत नाही. त्या कामाचे प्रमाणपत्रही कोणी देत नाही.

शासन निर्णय निघाला तोही ऐन रोवणीत. ते एक वाक्य काढायला नवी योजना लागत नाही. एक शुद्धिपत्रक पुरते.